बँकॉकची देवळं पायी पाहताना: आधी काय, नंतर काय आणि घोटाळा कुठे होतो

राजवाड्याच्या अंगणात दुपारी बारा वाजता, डोक्यावर रुमाल टाकून, "अजून किती देवळं राहिली?" असं एकमेकांना विचारणारी मराठी कुटुंबं मी बँकॉकच्या प्रत्येक फेरीत पाहिली आहेत. माझी पहिली फेरीही तशीच गेली. देवळं तीच असतात, अंतरंही फार नसतात. बिघडतो तो क्रम. नकाशावर जे जवळ दिसतं ते आधी, असं धरून लोक निघतात. या शहरात मात्र उन्हाकडे, दाराच्या वेळेकडे आणि अंगावरच्या कपड्यांकडे बघून निघावं लागतं. खाली दिलेला क्रम आई-वडिलांना बरोबर घेऊन, मुलांना घेऊन आणि एकटीने चालून पाहिलेला आहे.

हा लेख फक्त जुन्या शहराचा, म्हणजे रत्तनकोसिन भागाचा आणि समोरच्या काठावरच्या वाट अरुणचा आहे. थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ आणि विहार मिळून असलेलं आवार.

१. आधी दोन दिवसांत वाटणी करा

सगळं एका दिवसात बसवायचा हट्ट ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. वाटणी अशी ठेवा:

पहिला दिवस नदीकाठचा: राजवाडा आणि त्यातलं वाट फ्रा केव, मग वाट पो, दुपारची विश्रांती, मग होडीने पलीकडे वाट अरुण.

दुसऱ्या दिवसाची फक्त दुपार आणि संध्याकाळ: वाट सुथात, साओ चिंग चा, देवस्थान, लोहप्रासाद आणि शेवटी सोनेरी टेकडी.

पहिल्या दिवशी आवारांतलं फिरणं धरून पाच-सहा किलोमीटर चालणं होतं, दुसऱ्या दिवशी तीन-चार. आकडा छोटा वाटेल, पण तिथली दमट हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी असते आणि बराच वेळ तापलेल्या फरशीवर अनवाणी किंवा उभ्याने जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात सुसह्य काळ. एप्रिल सगळ्यात कडक. मे ते ऑक्टोबर पावसाचे महिने, पण पाऊस सहसा दुपारनंतर जोरात येऊन जातो, म्हणून सकाळची देवळं त्या दिवसांतही हाताशी राहतात.

पहिल्या दिवसाच्या तिकिटांना परदेशी पाहुण्यासाठी माणशी १,००० बाथ धरून चला: राजवाडा ५००, वाट पो ३००, वाट अरुण २००. दुसऱ्या दिवशीची देवळं एकतर मोफत आहेत किंवा थोडक्या शुल्कात होतात.

तपासा: राजवाडा हे आजही राजघराण्याच्या विधींचं ठिकाण आहे. विधी असेल तर काही भाग, क्वचित सगळाच, पाहुण्यांना बंद ठेवतात. जायच्या आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर सूचना वाचा आणि तिचं चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवा. त्याचा उपयोग पाचव्या टप्प्यात होईल.

२. कपडे आदल्या रात्री काढून ठेवा

सगळ्यात जास्त खोळंबा इथेच होतो. राजवाड्याच्या दारावरचे लोक खरोखर तपासतात आणि परत पाठवतात. नियम पुरुषांनाही तेवढाच लागू आहे, हे आपल्याकडच्या काकामंडळींना पटवून देणं मला नेहमी सगळ्यात अवघड जातं. थ्री-फोर्थ, बर्म्युडा चालत नाही. घोट्यापर्यंतची पँट आणि बाह्यांचा शर्ट हवा.

बायकांसाठी: खांदे झाकलेले हवेत, स्कर्ट गुडघ्याच्या खालपर्यंत हवा. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली की झालं, असं समजू नका. ओढणी कधीही उतरवता येते, म्हणून ती झाकलेल्या खांद्यात धरत नाहीत. अंगाला चिकटलेल्या लेगिंग्जवर आखूड टॉप नको. फाटक्या फॅशनची जीन्स नको, आरपार दिसणारं कापड नको. सैल सलवार आणि बाह्यांचा कुर्ता हा माझ्या मते या सगळ्यावरचा सर्वात चांगला तोडगा आहे. तो आपल्या कपाटात असतोच, हवेशीर असतो आणि पायऱ्या चढताना अडत नाही. साडी नेसायची तर ब्लाउज बाह्यांचं घ्या आणि वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या लक्षात ठेवा.

पायांत लेसचे बूट घालू नका. दिवसभरात सात-आठ वेळा काढ-घाल करावी लागते. चटकन निघणारे, पण चालताना पाय धरून ठेवणारे सँडल किंवा कापडी बूट घ्या. सोबत जाड मोज्यांचा एक जोड न विसरता ठेवा. देवळाच्या दारापासून चपला ठेवायच्या जागेपर्यंतची फरशी अकरा वाजल्यानंतर तव्यासारखी तापते. माझ्या आईच्या तळव्यांना वाट पोच्या अंगणात चटके बसले, तेव्हापासून मोजे माझ्या यादीत पासपोर्टच्या खालोखाल आले.

सावध: कपड्यांमुळे अडवलं तर दारासमोरच्या दुकानांत हत्तींच्या छापाच्या सैल पँट मिळतात. त्या घालून आत सोडतात. पैशांपेक्षा वेळेचं नुकसान मोठं आहे, कारण कपडे बदलून पुन्हा रांगेत लागेपर्यंत सकाळचा चांगला अर्धा तास जातो.

३. पिशवीत काय हवं

पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेची पुडी. छत्री, ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी. चपला ठेवायला कापडी पिशवी, म्हणजे एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडायचं झालं तरी अडत नाही. पासपोर्टची प्रत. पाच, दहा, वीस बाथची सुट्टी नाणी-नोटा: होडीला, दानपेटीला आणि वाट पोमध्ये नाणी टाकायच्या वाट्यांना त्या लागतात.

शाकाहारींनी सकाळीच पोटभर खाऊन निघावं. थाई स्वयंपाकात माशाचं पाणी, 'नाम प्ला', भाजीतही घालतात, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसला, तर तिथलं अन्न मांस, मासे, अंडी आणि दुधाशिवायचं असतं, त्यात लसूण-कांदाही नसतो. आपल्याकडच्या उपासाच्या किंवा जैन जेवणाच्या जवळ जाणारी अशी दुसरी सोय देवळांजवळ सहज मिळत नाही.

४. मेट्रोने सनाम चाई गाठा

भारतीय पर्यटक बहुतेक सुखुमवित भागात उतरतात. तिथून टॅक्सी केली तर सकाळच्या कोंडीत तासभर जाऊ शकतो. त्याऐवजी मेट्रोची निळी मार्गिका घ्या. सुखुमवित स्थानकावर 'लाक सोंग'च्या दिशेची गाडी पकडा आणि नवव्या स्थानकावर, सनाम चाईला उतरा. उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तर शहराला वळसा पडेल, म्हणून फलाटावरचं नाव वाचून मगच चढा. फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं स्पर्शाने चालणारं कार्ड लावलं तरी चालतं. तेच कार्ड उतरताना लावायचं, आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. चौघांत एकच कार्ड असेल तर बाकीच्यांनी टोकन घ्या.

आठ वाजता सनाम चाईला असाल अशा बेताने निघा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं. लोक जागच्या जागी थांबतात, आपणही थांबायचं.

आता इथे मोह होतो. स्थानकातून बाहेर आलं की वाट पो अगदी पुढ्यात, पाच-सात मिनिटांवर. राजवाड्याचं दार मात्र सव्वा-दीड किलोमीटर पुढे, उत्तरेच्या बाजूला. "जवळचं आधी उरकू" म्हणून बहुतेक जण वाट पोमध्ये शिरतात आणि राजवाड्याला साडेदहानंतर पोहोचतात. तोपर्यंत पर्यटकांच्या बसगाड्या रिकाम्या झालेल्या असतात आणि ऊन डोक्यावर आलेलं असतं. राजवाड्याच्या आवारात सावली फारशी नाही, वाट पोमध्ये झाडं आहेत आणि ओवऱ्या आहेत. म्हणून वाट पो नंतर, कितीही जवळ असलं तरी.

सनाम चाई रस्त्याने उत्तरेकडे निघा. डाव्या हाताला आधी वाट पो, मग राजवाड्याची पांढरी भिंत लागेल. ती भिंत सोडायची नाही. उजवीकडे संरक्षण मंत्रालय आणि त्याच्या पुढ्यातल्या जुन्या तोफा दिसल्या की कोपरा जवळ आला. कोपऱ्यावर, रस्त्यापलीकडे लाक मुआंग म्हणजे नगरस्तंभाचं देऊळ आहे. शहराची ग्रामदेवता म्हणा. पाच मिनिटं असतील तर आत जाऊन या, प्रवेश मोफत आहे. मग भिंतीला धरून डावीकडे वळा. ना फ्रा लान रस्त्यावर विसेत चाई सी दार लागतं, पाहुण्यांचं दार ते.

५. राजवाडा आणि वाट फ्रा केव: साडेआठ ते अकरा

दारापर्यंत पोहोचण्याआधी एखादा नीटनेटका माणूस गाठेल. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी असेल, इंग्रजी छान असेल. तो सांगेल की आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर माझ्या टुकटुकने वीस-तीस बाथमध्ये दोन-तीन देवळं पाहून या. ही टुकटुक शेवटी खड्यांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात थांबते. आपली माणसं याला बळी पडतात, कारण परक्या गावात सणाचं नाव ऐकलं की आपण आदराने थांबतो. थांबू नका, वाद घालू नका, मान हलवून चालत राहा. दार बंद आहे की उघडं, हे दारावरचा गणवेशातला माणूसच सांगेल, आणि आदल्या रात्रीची सूचना तुमच्या मोबाइलमध्ये आहेच.

तिकीटखिडकी साडेआठला उघडते आणि साडेतीनला बंद होते. साडेआठच्या आत दारात असाल तर पहिल्या लोंढ्याबरोबर आत जाता येतं. तिकिटासोबत साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातल्या 'खोन' या मुखवटानाट्याचा छोटा प्रयोगही जोडलेला असतो. तो नको असला तरी तिकीट दिवसभर जपून ठेवा.

आत आल्यावर क्रम असा ठेवा.

अ) सरळ मुख्य मंदिराकडे. इथल्या बुद्धमूर्तीला 'पाचूचा बुद्ध' म्हणतात, पण ती पाचूची नाही, हिरव्या जेड दगडाची आहे आणि उंची फक्त ६६ सेंटिमीटर. ती उंच सोनेरी सिंहासनावर बसवलेली आहे. भव्य मूर्ती शोधणारे लोक समोर बघून परत फिरतात, म्हणून नजर वर न्या. मूर्तीचा पोशाख वर्षातून तीनदा, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा असा, स्वतः राजा बदलतो. विठोबाच्या पोशाखांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळतं.

आत फोटो पूर्ण बंद. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आपल्या आज्या सांगायच्या तेच. खाली बसायचं ते पाय मागे दुमडून. मांडी घातली तरी चालते, पण तळवे मूर्तीकडे करून पाय पसरू नका. दुखऱ्या गुडघ्यांच्या मंडळींनी मागच्या भिंतीजवळ उभं राहून दर्शन घ्यावं आणि बाहेर पडावं.

आ) मग वरची ओटी. सोनेरी चेडी (स्तूप), मोंडोप (मंडप) आणि त्यांच्या बाजूला अंगकोर वाटची दगडी प्रतिकृती. इथे ऊन सर्वात लवकर चढतं, म्हणून साडेनऊच्या आत उरका. फोटोही इथेच काढून घ्या.

इ) ऊन वाढलं की सावलीतल्या ओवरीत या. आवाराला वेढणाऱ्या या ओवरीच्या भिंतीवर १७८ चित्रांत 'रामाकियन', म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. बहुतेक लोक मध्येच कुठेतरी शिरतात आणि दोन राक्षस, एक माकड बघून निघतात. उत्तरेकडच्या भिंतीच्या मध्यावरून सुरुवात करा आणि घड्याळाच्या दिशेने चला, म्हणजे कथा सलग लागते.

इथे मी नेहमी जास्त वेळ काढते. सोबत आजी-आजोबा असतील तर आधीच सांगून ठेवा: ही कथा आपली असली तरी जशीच्या तशी नाही. रामाकियनमध्ये सीता ही तोत्सकान (दशकंठ, म्हणजे रावण) आणि मंदोदरीची मुलगी. भाकितामुळे तिला नदीत सोडून देतात आणि ती जनकाला सापडते. हनुमान पांढरा शुभ्र आहे, ब्रह्मचारी नाही, आणि सोन्याच्या मत्स्यकन्येशी त्याचा संसारही आहे. एका चित्रात तो एवढा मोठा होतो की रामाची सगळी छावणी त्याच्या तोंडात मावते. ते शोधायला मुलांना सांगा, ओवरीतला अर्धा तास सहज निघतो.

ई) शेवटी राजवाड्याच्या इमारती. चक्री महाप्रासादाचं अंग युरोपीय आणि डोक्यावरची छपरं थाई आहेत. बाहेरूनच पाहायच्या, वीस मिनिटं पुरतात.

तपासा: अकरा वाजले का? तर निघा. राहिलेलं पाहायला थांबलात तर पुढचे तिन्ही टप्पे उन्हात सापडतील.

६. वाट पो: सव्वाअकरा ते साडेबारा

राजवाड्यातून ना फ्रा लान रस्त्यावर आल्यावर डावीकडे वळा, कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. महाराज रस्त्याने दक्षिणेकडे चालत राहायचं, पांढरी भिंत सतत डाव्या हाताला ठेवायची. भिंत संपली की थाई वांग रस्ता लागतो आणि त्याच्या पलीकडे वाट पो. हे अंतर साधारण एक किलोमीटर आहे. वाटेत थंड शहाळं घ्या.

निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. दालन मूर्तीच्या मानाने एवढं अरुंद आहे की पूर्ण मूर्ती एका फोटोत येतच नाही. पायांच्या बाजूने थोडी येते. त्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हं आहेत, ती नीट पाहा. पाठीमागच्या बाजूला १०८ काशाच्या वाट्या ओळीने मांडलेल्या आहेत. दारात सुट्ट्या नाण्यांची वाटी विकत मिळते, प्रत्येक वाटीत एकेक नाणं टाकत जायचं. आवाज ऐकत शांतपणे चाला, मूठभर नाणी एकदम टाकून पुढे पळू नका. मागून येणाऱ्यांची लय मोडते. आणि हो, या भागात पाकीट-मोबाइल सांभाळा, सगळ्यांचं लक्ष नाण्यांत असतं.

चूक: निजलेला बुद्ध झाला की वाट पो झालं, असं समजून निम्मे लोक बाहेर पडतात. मुख्य मंदिर पूर्वेला आहे आणि तिथे गर्दी निम्म्यानेही नसते. मधल्या बागेत दगडी टेकड्यांवर ऋषींच्या छोट्या मूर्ती आहेत, कुणी पाय ताणतोय, कुणी मान वळवतोय. थाई लोक त्यांना 'रुसी'च म्हणतात. अंगदुखीवरच्या या व्यायामांसोबत इथे औषधं आणि मर्दनाचं ज्ञान दगडांवर कोरून ठेवलेलं आहे, त्या शिलालेखांची नोंद २०११ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत झाली. योगासनं करणाऱ्यांनी या मूर्तींपाशी जरूर थांबावं.

आवारातच थाई मसाजची जुनी शाळा आहे. मसाज घ्यायचा असेल तर आवार पाहायला निघण्याआधी नंबर लावून ठेवा. परत येईपर्यंत पाळी आलेली असते. दमलेल्या पायांसाठी दिवसातली ही सर्वात योग्य वेळ.

७. साडेबारा ते अडीच: काहीही पाहू नका

हा टप्पा लोक गाळतात आणि मग वाट अरुणच्या पायऱ्यांवर चक्कर येते. जेवा, पंख्याखाली किंवा वातानुकूलित जागेत बसा, पाणी प्या, मोजे बदला. ता तिएन धक्क्याजवळच्या गल्ल्यांत खाण्याची ठिकाणं भरपूर आहेत. खूप थकलात तर इथूनच मेट्रोने खोलीवर परता आणि वाट अरुण दुसऱ्या दिवशी सकाळी करा. सनाम चाईच्या पुढचंच स्थानक इत्साराफाप आहे, नदीखालून गेल्यावर लागणारं. तिथून वाट अरुण दहा-पंधरा मिनिटं चालत.

८. होडीने वाट अरुण: तीन ते सूर्यास्त

थाई वांग रस्ता नदीकडे जिथे संपतो, तोच ता तिएन धक्का. पलीकडे नेणारी फेरीबोट पाच-दहा बाथची आहे आणि दर थोड्या वेळाने सुटते. धक्क्याच्या तोंडाशी कुणी "फेरी बंद आहे, माझी लांब शेपटाची बोट घ्या" म्हणेल. त्याला ओलांडून आत जा आणि लोक जिथे सुट्टे पैसे देतायत तिथे उभे राहा. बोट धक्क्याला लागताना जोरात आदळते, वडीलधाऱ्यांना आधी बसवून घ्या.

वाट अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. मधला उंच प्रांग (देवळाचा मनोरा) चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेला आहे. लांबून तो राखाडी दिसतो, जवळ गेल्यावर प्रत्येक फूल म्हणजे फुटक्या बशीचा तुकडा आहे हे कळतं. म्हणून इथे जवळ जाणं महत्त्वाचं. चढणं ऐच्छिक आहे. पायऱ्या अरुंद आणि फार उभ्या आहेत, उतरताना मागे तोंड करून, कठड्याला धरून उतरा. गुडघे दुखत असतील तर खालच्या चौथऱ्यावरूनही जडावकाम छान दिसतं.

सूर्यास्त इथे पाहू नका! सूर्य वाट अरुणच्या पाठीमागे मावळतो, म्हणून तो पाहायचा समोरच्या, म्हणजे ता तिएनच्या काठावरून. पाचच्या सुमाराला होडीने परत या आणि काठावर जागा धरा. बँकॉकमध्ये सूर्यास्त नोव्हेंबरात पावणेसहाच्या आसपास, तर जुलैत पावणेसातच्या पुढे होतो.

सावध: कुठल्याही देवळात मूर्तीकडे पाठ करून विचित्र हावभावांचे फोटो काढू नका. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, वस्तू द्यायची झाली तर त्यांच्यापुढे ठेवायची. राजघराण्याबद्दल चेष्टा तर इंग्रजीतही नको. तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

९. दुसरा दिवस: साम योत ते देवस्थान

आज घाई नाही. सकाळी मोकळे असाल तर साम योत मेट्रो स्थानकाजवळच्या पाहुरात भागातल्या श्री गुरु सिंग सभा गुरुद्वाऱ्यात जाऊन या. सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. डोकं झाकायला रुमाल न्या. आजूबाजूच्या गल्ल्यांत भारतीय कापड, मसाले आणि आपल्या चवीचं जेवण मिळतं.

देवळांसाठी मात्र तीनच्या सुमाराला साम योतला उतरा. उत्तरेकडे चालत दहा मिनिटांत वाट सुथात लागतं. हे नाव 'सुदर्शन'वरून आलेलं, इंद्राच्या नगरीचं. आतली आठ मीटर उंच शाक्यमुनी मूर्ती सुखोथाईहून आणलेली आहे. इथे राजवाड्याच्या एक दशांशही गर्दी नसते. भिंतींवरची चित्रं पाहत निवांत बसता येईल असं हे माझं शहरातलं सर्वात आवडतं दालन आहे. कपड्यांचे नियम कालचेच.

दारासमोर चौकात साओ चिंग चा, लाल सागवानी खांबांची सुमारे २१ मीटर उंच कमान. लोक तिला 'महाझोपाळा' म्हणून शोधत येतात आणि झोपाळा कुठे आहे विचारतात. झोका आता नाही, तो सोहळा १९३५ मध्ये बंद झाला, उरली ती चौकट. भोवती वाहनं फिरतात, फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उतरू नका.

तिथून दिन्सो रस्त्यावर दोन-तीन मिनिटांवर देवस्थान. नाव हेच, थाईत 'तेवासाथान'. १७८४ मध्ये बांधलेलं हे राजदरबारी ब्राह्मणांचं देऊळ, शिव, गणेश आणि विष्णू अशा तीन वास्तू. बाहेरून पाहिलं तर साधी पांढरी घरं वाटतात, म्हणून निम्मे लोक समोरून निघून जातात. घंटा वाजवून, नारळ फोडून पूजा करायच्या तयारीने जाऊ नका. पद्धती वेगळ्या आहेत. दार उघडं असेल तर शांतपणे आत जा, हात जोडा आणि तिथले लोक काय करतात ते पाहून तसं करा. बंद असेल तर अंगणातून नमस्कार करून पुढे चला.

बामरुंग मुआंग रस्त्यावर पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या माणसाएवढ्या बुद्धमूर्तींची दुकानं आहेत. भगव्या बादल्यांत साबण, चिवर (भिक्खूंचं वस्त्र), औषधं भरून ठेवलेली दिसतील, ते 'संखथान', म्हणजे संघदान. बघा, पण मूर्ती विकत घेऊ नका. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो आणि विमानतळावर अडकायला होतं.

१०. लोहप्रासाद, मग सोनेरी टेकडी

साडेचारच्या सुमाराला उत्तरेला वाट राचनद्दाकडे निघा. त्यातला 'लोहा प्रासात' म्हणजे लोहप्रासाद, ३७ धातूची शिखरं असलेला. ३७ म्हणजे बोधीला (ज्ञानप्राप्तीला) नेणारे ३७ गुण. आतल्या गोल जिन्याने वर जाता येतं, जिना अरुंद आहे, एका वेळी एका दिशेनेच जा. इथे अर्धा तास पुरे.

वरून जवळच वाट साकेतची टेकडी दिसते, सोनेरी चेडीची. नाव ऐकून आपल्याला अयोध्येचं साकेत आठवतं, पण ते हे नव्हे. इथला 'केत' म्हणजे केश, केस धुण्याच्या विधीवरून पडलेलं नाव. पायथ्यापर्यंत दहा मिनिटं लागतात. मधला कालवा पुलावरूनच ओलांडा, नकाशात दिसणाऱ्या आडवाटांनी जाऊ नका.

सूर्यास्ताच्या तासभर आधी चढायला लागा. पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, पण बुटक्या आणि टेकडीला वळसे घालत जाणाऱ्या, दोन्हीकडे झाडी. वाट अरुणच्या पायऱ्यांना घाबरलेली माझी आई इथे मध्ये दोनदा बसून आरामात वर आली. वाटेवर घंटांची ओळ आहे, प्रत्येक घंटा वाजवत जायची. जून-जुलैत सूर्यास्त उशिरा होतो आणि टेकडी सातच्या सुमाराला बंद होते, त्या महिन्यांत वर रेंगाळू नका. नोव्हेंबरात लोय क्रथोंग सणाच्या सुमाराला इथे जत्रा भरते, तेव्हा चढायला दुप्पट वेळ धरा.

परतीसाठी दोन मार्ग आहेत. पायथ्याजवळ फान फा धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट प्रतुनाम भागाकडे जाते, पण ती संध्याकाळी लवकर थांबते, शनिवार-रविवारी तर आणखी लवकर. चढण्याआधीच धक्क्यावर शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. बोट चुकली तर साम योत मेट्रो वीस मिनिटं चालत, आलात त्याच रस्त्याने दक्षिणेला.